सर्व्हर बदलला, नाव तेच

सुरतमधल्या उधना, लिंबायत, पांडेसरा या पट्ट्यातल्या लूमच्या कारखान्यांत आणि कापडाच्या पेढ्यांवर संगणक आला तो बिलं आणि जॉबवर्कचा हिशेब ठेवायला. प्रोग्राम लिहून देणारे बहुतेक एकटे-दुकटे; त्यांत नंदुरबार-जळगावकडून ताप्ती लाइनच्या रेल्वेने इथे येऊन स्थिरावलेल्या घरांतली आमच्यासारखी मुलंही होती. त्या वीसेक वर्षांच्या कामात सगळ्यात महाग पडली असेल, तर प्रोग्राममध्ये सर्व्हरचं खरं नाव लिहून टाकण्याची सवय.

मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची २००५ची एक्सप्रेस आवृत्ती फुकट दिली. डेटा ४ जीबीपर्यंत, म्हणजे छोट्या पेढीला पुरून उरेल एवढा. तोवर वापरात असलेल्या फॉक्सप्रोच्या इंडेक्स फायली बिघडण्याला सगळे कंटाळले होते, त्यामुळे हळूहळू बरेच जण तिकडे वळले. प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या ओळीत मशीनचं नाव थेट लिहिलं जाई: ‘साई-पीसी’, तिरपी रेघ, ‘एसक्यूएलएक्सप्रेस’. पेढीत मशीनं चार, सर्व्हर म्हणजे शेठच्या टेबलाखालचा डबा. तो बदलेल असं कुणाच्या मनात का यावं? पण ही ओळ एकाच जागी नसायची. लॉगिनमध्ये, रिपोर्टच्या फायलींत, बारकोडच्या प्रोग्राममध्ये, रात्री बॅकअप घेणाऱ्या बॅच फाइलमध्ये, सगळीकडे तेच नाव.

डबा बदललाच. ८ एप्रिल २०१४ला विंडोज एक्सपीचा आधार संपला. मग १ जुलै २०१७ला जीएसटी आला. कापडाचा बराचसा व्यापार तोवर विक्रीकराच्या बाहेर होता. त्यामुळे सुरतच्या बाजाराने संप केला, पण संप मिटल्यावर ज्याला त्याला बिलिंग हवं होतं आणि जुनी मशीनं पुरेनात. नवं मशीन म्हणजे नवं नाव, आणि नवं नाव म्हणजे मूळ कोड शोधणं आलं. तो लिहिणारा मुलगा तोवर पुण्यात नाहीतर बंगळुरूला नोकरीला लागलेला. मग नव्या मशीनलाच जुन्याचं नाव द्यायचे. त्यामुळे दोन्ही एका वेळी नेटवर्कवर चालवता येत नसत, आणि हलवलेला डेटा ताळा करून पाहायला सवडच उरत नसे.

खरं तर यावरचा इलाज जुना आहे. अर्पानेटवरच्या यंत्रांची नावं एकाच होस्ट्स फाइलमध्ये असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळी. १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही नावांची पद्धत मांडली, आणि एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी ‘सीनेम’ नोंद त्यात तेव्हापासूनच आहे. आमच्या पेढ्यांत कुठला आलाय स्वतःचा डीएनएस सर्व्हर! तिथे कामी आली विंडोजमध्ये आधीपासून असलेली ‘क्लिकॉन्फग’ ही सोय. तिच्यात ‘हिशेब-डीबी’ असं उपनाव टाकायचं, पुढे खऱ्या मशीनचा पत्ता आणि ठरवून दिलेला पोर्ट. प्रोग्रामला ठाऊक फक्त ‘हिशेब-डीबी’. मशीन बदललं की ही एक नोंद बदलायची, कोडला हात लावायचा नाही.

तरी उपनावावर विश्वास बसायला वेळ गेला, आणि त्याचं कारण ६४-बिट विंडोज. तिच्यात क्लिकॉन्फग दोन आहेत. ‘सिस्टम३२’मधली ६४-बिट प्रोग्रामांसाठी आणि ‘सिसवाव६४’मधली ३२-बिटसाठी, नावं पाहून नेमकं उलटं वाटतं. व्हिज्युअल बेसिकचे आमचे प्रोग्राम ३२-बिट. नोंद पहिलीत केली की पडद्यावर ‘सर्व्हर सापडत नाही’. अनेकांनी तिथेच नाद सोडला आणि पुन्हा खरं नाव लिहिलं. एवढ्या एका गोष्टीने चांगली पद्धत मागे पडली, याची मला आजही हळहळ वाटते.

उपनाव कामावरून द्यावं, यावर मी ठाम आहे. ‘नवा-सर्व्हर’ हे उपनाव दोन वर्षांत जुनं होतं.

२०२०च्या लॉकडाउनमध्ये हिशेबनीस गावी अडकले आणि काही पेढ्यांनी डेटा भाड्याच्या सर्व्हरवर हलवला. उपनाव होतं तिथे फक्त पत्ता बदलावा लागला. ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं, तेव्हा चाचणीच्या आणि खऱ्या पोर्टलचे पत्ते वेगळे होते. तोवर पत्ता कोडबाहेर, सेटिंगमध्ये ठेवायची सवय बऱ्यापैकी रुळली होती.

बॅकअपच्या बॅच फायली मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटल्या. प्रोग्राम नीट चालतो, बिलं निघतात, आणि रात्री बॅच फाइल कधीच भंगारात गेलेल्या ‘साई-पीसी’ला शोधत राहते. पडद्यासमोर कुणी नसतं, त्यामुळे चूक कुणाला दिसत नाही. जुन्या पेढीचं काम हातात आलं की मी आधी ती फाइल उघडतो आणि शेवटच्या बॅकअपची तारीख बघतो.