लोण्याच्या पेठेचे शहर

आयर्लंडच्या दक्षिणेस ली नदीच्या काठी वसलेले कॉर्क हे बंदर मुळात गाईच्या दुधावर मोठे झाले. १७७० साली तेथे लोण्याची पेठ सुरू झाली. आसपासचे शेतकरी खारवलेले लोणी लाकडी पिंपांत भरून आणीत. परीक्षक त्याची प्रत ठरवून पिंपावर छाप मारीत. त्या छापावरील विश्वासामुळे एकोणिसाव्या शतकात ही पेठ जगात सर्वांत मोठी गणली गेली. पुढे डेन्मार्कच्या ताज्या, कमी खारट लोण्याने इंग्लंडचा बाजार काबीज केला आणि १९२४ साली पेठ बंद झाली.

तत्पूर्वीच, १९१७ साली, हेन्री फोर्ड यांनी तेथे कारखान्याचा पाया घातला होता. त्यांचे वडील दुष्काळाच्या दिवसांत याच परगण्यातून अमेरिकेस गेलेले. परंतु १९८३ साली डनलॉपचा टायरचा कारखाना मिटला, आणि १९८४ साली फोर्डचा कारखाना व बंदरातील जहाजांची गोदीही. हजारो चुली थंडावल्या.

शहर सावरले ते औषधांच्या कारखान्यांमुळे आणि १९८० साली आलेल्या ॲपलमुळे. याच कंपनीकडून थकलेला १३ अब्ज युरो कर वसूल करावा, असे युरोपीय न्यायालयाने २०२४ साली ठरविले. नवल हे की, तो कर नको म्हणून आयर्लंडचे सरकारच वर्षानुवर्षे भांडत होते!

दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे खरे. पण लोण्याच्या काळी गाई घरोघरच्या होत्या. आजची गाय परक्याच्या दावणीची आहे, एवढे कॉर्ककरांनी विसरू नये, असे आम्हांस वाटते.