एक-दोन वक्कलांचा भाव

नगरच्या कांदा लिलावाची बातमी आपण नेहमी वाचतो: इतक्या गोण्यांची आवक, इतका भाव. लिलावाच्या ओट्यावर मात्र वेगळंच दिसतं. एखाद्या सकाळी एक-दोन वक्कलांना, म्हणजे एकेका शेतकऱ्याच्या मालाच्या लॉटना, चढा भाव पुकारला जातो. मोबाइलवरून तो पारनेर-नेवाशापर्यंत पोचतो, दुसऱ्या दिवशी छापूनही येतो. पुढच्या लिलावाला आवक फुगते आणि भाव कोसळतो. तो चढा भाव मिळालेल्या गोण्या असतात जेमतेम पाच-पंचवीस.

आडत्या शेतकऱ्याचा माल विकून देतो आणि त्याची कमाई टक्केवारीची. म्हणजे भाव चढला तर त्याचंही भलंच. तरी बोली अडली की तो गप्प का राहतो? शेतकरी हंगामात दोन-चार खेपा करतो, खरेदीदार मात्र प्रत्येक लिलावाला येतो. क्विंटलमागे शंभर रुपये वाढले तर आडत्याच्या पदरात चार-सहा रुपये पडतात. खरेदीदार रुसून दुसऱ्या गाळ्यावर गेला तर धंदाच जातो, वर त्याच्याकडची उधारी अडकते. शेतकरी गोणीवर हात ठेवून खरेदीदाराला म्हणतो, "शेठ, पन्नास तरी वाढवा." शेठ तोवर पुढच्या वक्कलाकडे वळलेले असतात. माल परत न्यायचा तर टेम्पोचं दुहेरी भाडं. मग पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, होते, आणि ती करून देणारा त्याचाच आडत्या असतो.

बाहेरचा खरेदीदार आला की काय होतं, हे हमालांना विचारावं. जुने खरेदीदार मिळून भाव इतका चढवतात की नव्याला माल परवडत नाही. ते दिवस शेतकऱ्याचे. नवा माणूस निघून गेला की भाव पूर्वपदावर.

20 डिसेंबर 2014 रोजी पणन संचालक डॉ. सुभाष माने यांनी आडत, म्हणजे आडत्याची टक्केवारी, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा आदेश काढला. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला आणि सरकारने काही दिवसांतच आदेशाला स्थगिती दिली. जुलै 2016 मध्ये तोच नियम आला, पुन्हा बंद झाला, पण या वेळी नियम टिकला. पट्टीवरून आडत गेली. पण खरेदीदार मोजके असतील तर ते तेवढी रक्कम बोलीतूनच वजा करू शकतात, आणि ती वजाबाकी कोणत्याच पट्टीवर दिसत नाही.

भारतीय स्पर्धा आयोगासाठी 2012 मध्ये झालेल्या कांदा बाजाराच्या अभ्यासात नगरही होतं. आडत, घाऊक खरेदी, साठवण, वाहतूक ही सगळी कामं एकच व्यापारी करताना त्यात आढळला. संगनमताची बोली स्पर्धा कायद्याने बेकायदा आहे, पण डोळ्यांच्या खुणेने ठरलेल्या संगनमताचा पुरावा कुठून आणणार?

उघड लिलावात कोणी भाव वाढवला ते सगळ्यांना दिसतं, आणि म्हणूनच संगनमतातून फुटणाऱ्याला धडा शिकवता येतो. बोली गुप्त आणि ऑनलाइन करा, बाहेरच्या खरेदीदारांना परवाने द्या. बाजार समितीच्या निवडणुकीत मत मागायला येईल त्याला आधी हे करणार का, ते विचारा.