जनुकीय प्रतसंख्या बदल आणि मनोविकारांचा धोका

जनुकीय प्रतसंख्या बदल म्हणजे जनुकसंचातील डीएनएचा एखादा खंड नेहमीपेक्षा कमी किंवा जास्त वेळा असणे. मानवी पेशीत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात. एक आईकडून व एक वडिलांकडून आलेली. खंड गळाल्यास एकच प्रत उरते, तर द्विरुक्ती झाल्यास तीन प्रती होतात. निरोगी व्यक्तींमध्येही असे बदल मोठ्या प्रमाणावर आढळतात, हे २००४ साली दोन स्वतंत्र संशोधक गटांनी दाखवले. त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी असतात. काही मोजके, आकाराने मोठे व दुर्मिळ बदल मात्र छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया), स्वमग्नता व बौद्धिक अक्षमता यांचा धोका वाढवतात.

निर्मिती

अंडपेशी व शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या परस्परांशी तुकड्यांची देवाणघेवाण करतात. या वेळी जवळपास सारख्या क्रमाचे, परंतु वेगळ्या ठिकाणचे दोन भाग चुकीने समोरासमोर आल्यास मधला खंड एका गुणसूत्रातून गळतो व दुसऱ्यात दुप्पट होतो. असे सारखे भाग ठरावीक ठिकाणीच असल्यामुळे एकमेकांशी नाते नसलेल्या कुटुंबांतही तोच बदल पुन्हा पुन्हा आढळतो.

मनोविकारांशी संबंध

सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण २२क्यू११.२ या स्थानावरील लोपाचे आहे. त्यात बहुधा सुमारे ३० लाख बेस जोड्यांचा खंड नाहीसा झालेला असतो. हा लोप असलेल्या सुमारे २५ टक्के प्रौढांना छिन्नमनस्कता होते. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे. २००८ साली १क्यू२१.१ व १५क्यू१३.३ येथील लोपांचा या विकाराशी संबंध प्रसिद्ध झाला. २०१७ साली ४१ हजारांहून अधिक व्यक्तींच्या विश्लेषणात आठ स्थानांसाठी भक्कम पुरावा मिळाला. १६पी११.२ येथील द्विरुक्ती छिन्नमनस्कतेचा धोका वाढवते, तर तेथील लोप व द्विरुक्ती हे दोन्ही स्वमग्नतेशी निगडित आहेत. एकच बदल वेगवेगळ्या व्यक्तींत वेगवेगळ्या विकारांच्या रूपाने दिसू शकतो.

छिन्नमनस्कतेच्या फार थोड्या रुग्णांतच असा ज्ञात बदल सापडतो. उरलेल्यांमध्ये असंख्य जनुकांचा अल्प अल्प प्रभाव व परिस्थितीजन्य घटक एकत्र कार्य करतात.

धोका आणि आनुवंशिकता

विदर्भात परिचित असलेल्या सिकलसेल आजाराशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. सिकलसेल एका जनुकातील ठरावीक बदलामुळे होतो. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. प्रतसंख्या बदल असलेल्या व्यक्तीला मनोविकार होईलच, असे मात्र सांगता येत नाही. २२क्यू११.२ लोपाच्या सुमारे ९० टक्के प्रकरणांत आईवडिलांमध्ये तो नसतो; तो अपत्यात नव्यानेच उद्भवतो. त्यामुळे अशा आजाराचे खापर घराण्यावर किंवा आईच्या वागणुकीवर फोडणे अशास्त्रीय ठरते. लोप असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता मात्र ५० टक्के असते. म्हणून जनुकीय समुपदेशनास महत्त्व आहे.

निदान व उपचार

निदानासाठी रक्ताच्या नमुन्यावर गुणसूत्री मायक्रोॲरे चाचणी करतात. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (स्थापना १९६९) व सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी मनोविकार विभाग आहेत. कोणत्याही मनोविकार विभागात महागड्या चाचणीपूर्वी काही खुणा रुग्णाच्या पूर्वेतिहासातून कळू शकतात: जन्मजात हृदयदोष, टाळूतील व्यंग, नाकातून बोलणे, शिकण्यातील अडचणी व रक्तातील कॅल्शियमची कमतरता.

गळालेला खंड परत जोडता येत नाही. तरीही निदानाचा प्रत्यक्ष उपयोग होतो. २२क्यू११.२ लोपात कॅल्शियम कमी झाल्यास झटके येऊ शकतात. ही कमतरता साध्या रक्तचाचणीने कळते व औषधाने भरून काढता येते. क्लोझापिन देतानाही झटक्यांचा वाढीव धोका लक्षात घ्यावा लागतो. छिन्नमनस्कतेवरील नेहमीचे औषधोपचार अशा रुग्णांनाही लागू पडतात.