डब्यातली भाजी : काय हवे, काय नको

उसाच्या पट्ट्यातल्या कोणत्याही गावच्या आठवडे बाजारात जाऊन पाहावे. पिशवी घेऊन भाजीवाल्यापुढे उभे असतात ते बहुतेक आपलेच लोक. ज्यांच्या घरी एकरांनी ऊस, त्यांनीच कोथिंबिरीच्या पेंडीला भाव करायचा, अशी आज स्थिती आहे. पूर्वी असे नव्हते. नव्या लागणीच्या वरंब्यावर कोथिंबीर, मुळा, कांदा, कडेला चार मिरच्या, दोन वांगी असायची. बाईमाणूस खुरपायला गेले की येताना ओट्यात भाजी घेऊन यायचे. रानात तणनाशकाचा पंप फिरू लागला आणि ही वरंब्यावरची भाजी गेली. उसाचे पैसे येतात वर्षा-दीड वर्षाने. भाजीचे पैसे मात्र दर आठवड्याला जातात. शिवाय त्या भाजीवर काय फवारले आहे, ते आपल्याला ठाऊक नसते.

रान उसाला दिले ते दिले. पण घराचे अंगण, ओसरीची कड आणि धाब्याची गच्ची अजून आपल्या हातात आहे. तेथे डब्यांत, पोत्यांत, तुटक्या बादल्यांत भाजी करता येते. कुणी म्हणेल, "एकरांत ऊस पिकवणाऱ्याने डबड्यात कोथिंबीर लावायची, हा काय पोरखेळ?" तर बंधूंनो, हा पोरखेळ नाही, मात्र हा धंदाही नाही. दहा-बारा डब्यांवर घराची सगळी भाजी भागणार नाही. कोथिंबीर, मिरची, मेथी, कढीपत्ता, पुदिना आणि हंगामात टोमॅटो-वांगी एवढे घरचे होते, आणि ते बिनविषारी होते. त्यासाठी सामान काय लागते, याची माहिती खाली दिली आहे. त्यातले बरेचसे आपल्या घरात नाहीतर रानात पडलेलेच असते.

भांडी कोणती घ्यावीत

तेलाचा १५ लिटरचा पत्र्याचा डबा हे सर्वांत सोयीचे भांडे. वरचे झाकण कापून धार हातोडीने आत वळवून घ्यावी, म्हणजे हात कापत नाही. फुटकी बादली, चिरलेली कुंडी, जुने घमेले, पाण्याचा गळका माठ, सगळे चालते. खताची विणलेली पोती धुऊन, तोंड दुमडून अर्धी भरली तर त्यांत वांगी, हळद, आले चांगले येते. मात्र ही पोती उन्हाने विरतात. त्यांच्या दशा सुटू लागल्या की बदलावीत.

भांडे किती खोल असावे, हे पिकावर ठरते. मेथी, कोथिंबीर, पालक यांना सहा इंच पुरतात. मिरचीला दहा इंच, टोमॅटो आणि वांग्याला फूटभर खोली पाहिजे. कढीपत्ता किंवा लिंबू लावायचे तर २०० लिटरचे पिंप मधोमध कापून त्याचा अर्धा भाग घ्यावा. पिंपात पूर्वी काय होते, याची मात्र आधी खात्री करावी.

भांडे कोणतेही असो, त्याच्या तळाला भोके हवीतच. करंगळीएवढी पाच-सहा भोके पाडावीत. पत्र्याला खिळा-हातोडी आणि प्लास्टिकला तापवलेला खिळा पुरतो. भोकांवर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा. डबा दोन विटांवर ठेवावा, नाहीतर भोक असूनही पाणी जिरत नाही. भाजी मरते ती पाण्यावाचून मरते, असे आपण समजतो. डब्यातली भाजी बहुतेक वेळा पाणी तुंबून, मूळ कुजून मरते. उसात पाणी साचले की पिवळा पडतो, तसेच हे.

गच्चीवर वजनाचा विचार करावा. ओल्या मातीने भरलेला १५ लिटरचा डबा सुमारे २० किलो भरतो. अर्धे पिंप सव्वाशे ते दीडशे किलोपर्यंत जाते. जड भांडी भिंतीच्या किंवा तुळईच्या वर येतील अशी कडेने मांडावीत. पत्र्याच्या छपरावर डबे ठेवू नयेत.

कोणता डबा कदापि घेऊ नये

हा मुद्दा सर्वांनी, विशेषतः घरातल्या कर्त्या माणसाने नीट वाचावा. तणनाशकाचे आणि कीटकनाशकाचे रिकामे कॅन आपल्या गोठ्यात, विहिरीवर, मोटारीच्या खोलीत पडलेले असतात. प्लास्टिक चांगले जाड, झाकण घट्ट. म्हणून ते टाकवत नाहीत. कुणी त्यात डिझेल ठेवतो, कुणी पाणी नेतो, आणि आता कुणी त्यात मिरची लावील. असे करू नये. औषध प्लास्टिकच्या अंगात मुरते. तीनदा धुतले तरी ते भांडे खाण्यापिण्याच्या कामाचे होत नाही. रिकामी झालेली औषधाची भांडी फोडून, वस्तीपासून दूर पुरावीत, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांत सांगितले आहे. कॅन तीनदा विसळावा, विसळलेले पाणी फवारणीच्याच टाकीत ओतावे, आणि कॅनला भोके पाडून तो निकामी करावा.

तीच गोष्ट पंपाची. उसात टू-फोर-डी मारलेला पंप भाजीवर वापरू नये. हे औषध रुंद पानांच्या तणांचे आहे, आणि टोमॅटो, मिरची, घेवडा, भेंडी ही सगळी रुंद पानांचीच. पंपात राहिलेला अंशही पाने वेडीवाकडी करायला पुरतो. शेजारच्या रानात फवारणी चालू असेल आणि वारा घराकडे असेल तर डबे आडोशाला घ्यावेत. हुमणीसाठी आणलेले दाणेदार औषध डब्यात चिमूटभरही टाकू नये. उसाला ते चालते म्हणून चार आठवड्यांत खायच्या मेथीला चालत नाही.

माती नव्हे, मिश्रण

आपली काळी माती रानात सोने आहे, पण डब्यात ती उपयोगाची नाही. ओली झाली की चिकट होते, वाळली की कडेने सुटून भेगाळते आणि घातलेले पाणी कडेकडेने खाली जाते. म्हणून मिश्रण करावे : एक पाटी पोयट्याची किंवा तांबडी माती, एक पाटी पूर्ण कुजलेले शेणखत, एक पाटी कुजलेले पाचट. काळी मातीच घ्यावी लागली तर तिच्यात अर्धी पाटी वाळू वाढवावी. मिश्रण ओले करून मूठ आवळावी. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोट लावताच फुटला, तर मिश्रण जमले. क्षारपड किंवा चोपण रानाची माती आणू नये.

शेणखत चाळून घ्यावे. त्यात हुमणीच्या अळ्या असतात. रानात त्या ऊस खातात, डब्यात चार दिवसांत रोप खातील. चाळताना त्या वेचून कोंबड्यांपुढे टाकाव्यात.

प्रेसमड वापरण्यास हरकत नाही, मात्र ताजे वापरू नये. ताजे प्रेसमड तापते आणि मुळे भाजतात. तीन-चार महिने ढिगात कुजून काळे, भुसभुशीत, बिनवासाचे झाल्यावर ते शेणखताच्या जागी घ्यावे. आसवनीचे सांडपाणी मुरवून केलेले कंपोस्ट असेल तर त्यात क्षार अधिक असतात. रानाला ते चालते. डब्यात मात्र क्षारांना जायला वाट नसते. ते चहाच्या चमच्याने साखर घालावी तसे थोडेच घालावे.

आता पाचटाविषयी. हेक्टरी उसामागे आठ ते दहा टन पाचट निघते आणि अजूनही कित्येक ठिकाणी ते पेटवून दिले जाते. इकडे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातर्फे, थोड्या जागेत पाल्यापाचोळ्यापासून माती कशी तयार होते, हे लोकांना करून दाखवले. मुंबईत डॉ. रमेश दोशी यांनी वांद्र्याच्या गच्चीवर पिंपांत आणि पिशव्यांत भाजीपाला-फळे केली, आणि भांड्याचा मोठा भाग भरायला रसवंतीवरची उसाची चिपाडे वापरली. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवरही २००२ पासून अशाच विचाराने बाग फुलली. म्हणजे शहरातली माणसे उसाचे चिपाड पोत्याने घरी नेतात, आणि आपण ऊसवाले काडी लावतो!

चिपाड किंवा पाचट वजनाला हलके आणि ओल धरून ठेवणारे, म्हणून गच्चीला उत्तम. पण ताजे भरू नये. गोड असल्याने त्याला मुंग्या लागतात, आणि कुजताना ते मातीतले नत्र ओढून घेते, मग रोप पिवळे पडते. खड्ड्यात थर देऊन वर शेणकाला शिंपडावा, ओल राखावी. तीन-चार महिन्यांनी ते वापरण्याजोगे होते.

हत्यारे आणि लहानसहान वस्तू

कुदळ-फावड्याचे येथे काम नाही. घरचे खुरपे हेच मुख्य हत्यार. टोक थोडे झिजलेले असेल तर अधिक चांगले, कारण मुळे कापली जात नाहीत. मिश्रणासाठी घमेले, चाळण्यासाठी वाळूची चाळण, आधाराला चार-पाच फुटांच्या कामट्या किंवा तुरीच्या काठ्या आणि बांधायला सुतळी. टोमॅटोला सुतळी आवळून बांधू नये; आठच्या आकड्यासारखा सैल वेढा द्यावा. पाला खुडायला जुनी कात्री. एप्रिल-मे महिन्यांत सावलीसाठी जुने लुगडे किंवा गोणपाट काठ्यांवर ताणले तरी भागते.

विकत घेण्याजोग्या वस्तू चारच : बारीक तोंडाची झारी, एक-दोन लिटरचा हातपंप, चांगले बियाणे आणि माशी धरणारे पिवळे चिकट कागद. हातपंपावर "फक्त भाजीसाठी" असे रंगाने लिहून तो स्वयंपाकघराजवळ ठेवावा. औषधाच्या खोलीत ठेवूच नये. बियाण्याची लहान पुडी घ्यावी, तारीख पाहून घ्यावी. कोथिंबिरीला घरचे धणे चालतात. ते रगडून दोन फाकी करून पेरावेत.

पाणी आणि औषध-पाणी

पाणी घड्याळ पाहून देऊ नये. बोट पेराएवढे मातीत घालावे. कोरडे लागले तर द्यावे. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ लागेल, पावसाळ्यात आठवडाभर लागणार नाही. वर पाचटाचे दोन बोटे आच्छादन घातले की पाणी बरेच वाचते. ठिबकच्या उरलेल्या नळ्या घरोघर आहेत. त्या गच्चीवरच्या टाकीला जोडून प्रत्येक डब्यात एक तोटी सोडता येते. टाकीची उंची कमी असल्याने थेंब कमी पडतो. तेव्हा अर्ध्या तासात किती पाणी पडते ते तांब्यात धरून मोजावे आणि मग वेळ ठरवावी. डब्याच्या कडेला पांढरी खपली दिसली तर पाण्यात क्षार आहेत असे समजावे. महिन्यातून एकदा गोडे पाणी भरपूर ओतून ते तळाच्या भोकांवाटे निचरू द्यावे.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांवर निंबोळीचा पाच टक्के अर्क पुरतो. ५० ग्रॅम निंबोळ्यांचा गर कुटून फडक्यात बांधावा, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी पिळावा, गाळून घ्यावा आणि थोडा साबणाचा चुरा विरघळवून संध्याकाळी फवारावा. अर्क त्याच दिवशी संपवावा. जोमासाठी १० लिटर पाण्यात अर्धा किलो ताजे शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ आणि तेवढेच बेसन दोन दिवस आंबवून, रोज ढवळून, पंधरवड्याने पेलाभर द्यावे. गूळ काळा असला तरी चालतो.

सुरुवात कशी करावी

एकदम वीस डबे मांडू नयेत. पाच-सहा तास ऊन लागेल अशा जागी चार डबे ठेवावेत : एक कोथिंबीर, एक मेथी, एक मिरची, एक टोमॅटो. मेथी महिन्याच्या आत हाती येते, त्यामुळे उमेद टिकते. पेरणी एकाच वेळी न करता दर पंधरा दिवसांनी एक डबा पेरावा, म्हणजे खंड पडत नाही. हे काम घरच्या बायकांच्याच अंगावर टाकून मोकळे होऊ नये. त्यांच्यामागे आधीच धारा, स्वयंपाक आणि खुरपण आहे. जड डबे भरणे-उचलणे गड्यांनी करावे, पाणी घालणे शाळेतल्या पोरांकडे द्यावे.

शेवटी थोडक्यात. घरचे वापरावे : डबे, पोती, खुरपे, घमेले, चाळण, काठ्या, सुतळी, शेणखत, पाचट. विकत आणावे : झारी, हातपंप, बियाणे, पिवळे कागद. घरात आणू नये : औषधाचा कॅन, तणनाशकाचा पंप, ताजे प्रेसमड, चोपण माती. कुजलेले प्रेसमड मिळण्याबाबत आपापल्या गट ऑफिसात चौकशी करावी. आणि या हंगामात पाचटाला काडी लावण्यापूर्वी निदान दोन पाट्या तरी घरच्या खड्ड्यासाठी बाजूला काढाव्यात. दोन पाट्यांची किंमत कळली, की राहिलेले पेटवायला हात धजणार नाही.