गोळीचा खाडा

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो, आणि तो फडावरून परततो उन्हाळ्याच्या तोंडाशी. या व्यवहाराचा हिशेब टनांत आणि उचलीत मांडला जातो. कोयत्यातील स्त्रीने सोबत संततिप्रतिबंधक गोळ्यांचे पाकीट घेतले असेल, तर त्याचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो.

शासकीय आरोग्य केंद्रांत ‘माला-एन’ विनामूल्य मिळते. २०११ साली सुरू झालेल्या योजनेने तर आशा कार्यकर्तीमार्फत पाकीट घरपोच देण्याची सोय केली. त्यासाठी तिने एक रुपया घ्यावा असे ठरले. वस्तू इतकी स्वस्त झाली, तरी महाराष्ट्रात कुटुंबनियोजन म्हणजे मुख्यतः स्त्रीची शस्त्रक्रिया असेच समीकरण आहे. पाळणा लांबवू इच्छिणाऱ्या तरुण स्त्रीला त्याचा काय उपयोग?

गोळीचे शास्त्र अवघड नाही, परंतु ते कोणीतरी सांगावे लागते. पाकिटातील २८ गोळ्यांपैकी २१ संप्रेरकांच्या, उरलेल्या ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्या चालू असताना पाळी येते आणि पाकीट संपताच दुसऱ्याच दिवशी नवे सुरू करावयाचे असते. ‘पाळी थांबू दे, मग घेऊ’ असे म्हणून जी स्त्री चार दिवस थांबते, ती नेमक्या सर्वांत धोक्याच्या जागी खंड पाडते. एक गोळी राहिली तर आठवताच घ्यावी. संप्रेरकांच्या दोन किंवा अधिक राहिल्या, तर गोळ्या चालू ठेवून सात दिवस निरोधाचाही वापर करावा. ऊसतोड कामगाराला ‘खाडा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. गोळीचा खाडाही तिला याच शब्दांत सांगता येईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार, गोळी बिनचूक घेतल्यास वर्षभरात शंभर स्त्रियांत एकीलाही गर्भ राहण्याचा संभव नसतो. प्रत्यक्षातील नेहमीच्या वापरात तो सात जणींना राहतो. गोळी तीच, फरक वापराचा आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत, समजूत देण्यात वाचवलेल्या पंधरा मिनिटांची किंमत शासनाऐवजी ती स्त्री मोजते. वाटलेली पाकिटे अहवालात भरता येतात, समजूत भरता येत नाही. म्हणूनच कदाचित ती दिली जात नसावी.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत मळमळते, मधूनच रक्ताचे डाग दिसतात. बहुधा ते आपोआप थांबते. हे आधी सांगितलेले नसेल तर डाग पाहताच गोळी सुटते. बीडमध्ये या भीतीला आणखी एक पदर आहे. २०१९ साली विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्याचा गोळीशी संबंध जोडणे चुकीचे ठरेल. तथापि जेथे साध्या तक्रारीवरही पिशवी काढून टाकण्याचा सल्ला ऐकू येतो, तेथे ‘हे डाग आजाराचे नव्हेत’ एवढे सांगणारे माणूस मोलाचे असते.

गोळी सर्वांना चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. सहा महिन्यांच्या आतील मुलाला पाजणारी आई, रक्तदाब वाढलेली स्त्री, क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन घेणारी रुग्ण यांना दुसरा मार्ग दाखवावा लागतो. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, संप्रेरके नसलेली ‘छाया’ ही गोळी २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आहे आणि ती अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. फडावर, जेथे वार आणि तारीख यांचे भान राहत नाही, तेथे हा क्रमही आखूनच द्यावा लागेल.

एकदा केलेला उपदेश पुरत नाही. जे सांगितले ते तिच्याच तोंडून परत वदवून घ्यावे, जमल्यास नवऱ्यालाही समोर बसवावे, आणि महिन्याभराने दूरध्वनीवरून चौकशी करावी. टोळ्या निघण्याच्या काही आठवडे आधी मुकादम गावोगाव फिरत असतात. आष्टीच्या उपकेंद्रांतील परिचारिका आणि आशांनी त्याच आठवड्यांत ही घरे गाठावीत, रक्तदाब मोजावा आणि हंगामभर पुरतील इतकी पाकिटे एकदम द्यावीत. फडावर नव्या पाकिटासाठी ती कोणाकडे जाणार?