कोयनेचं पाणी : उतरताना आणि चढताना

वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या आज घ्यायच्या होत्या, त्या पुढच्या आठवड्यात. आटपाडीकडच्या एका वाचकांनी विचारलंय : कोयनेची वीज स्वस्त, टेंभूला उन्हाळ्यात येणारं पाणीही कोयनेचंच, मग आमच्या उपसा योजनेचं वीजबिल एवढं का? या प्रश्नाला एक अख्खा लेख द्यायलाच हवा.

कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादानं कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवू दिलं. ते बोगद्यांतून सह्याद्रीपलीकडे, पोफळीच्या अंगाला सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरतं. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. एवढं पाणी एवढ्या उंचीवरून उतरलं, की घट वजा जाता तीन कोटी युनिटांहून जास्त वीज होते. कोळकेवाडीला तेच पाणी पुन्हा टर्बाइन फिरवतं आणि मग वाशिष्ठीला मिळतं.

हेच एक टीएमसी धरणाच्या पायथ्याच्या ४० मेगावॅटच्या वीजगृहातून पूर्वेला सोडलं, तर त्याला धरणाच्या उंचीपुरताच उतार मिळतो. पश्चिमेच्या पाचव्या हिश्श्याएवढीही वीज होत नाही. पुढे कराडला कृष्णेत मिसळून ते टेंभूला पोचतं आणि तिथून त्याची चढण सुरू होते. एक टीएमसी पाणी शंभर मीटर वर न्यायला पंप-मोटारींची घट धरून साधारण एक कोटी युनिटं जातात. खानापूर-आटपाडीच्या माळापर्यंत असे टप्प्यामागून टप्पे चढायचे आहेत. पायथ्याला मिळालेली वीज पहिल्या चढणीतच खर्ची पडते.

शिवाय पंपांना नुसती कोयनेची वीज मिळत नाही. महावितरण कोळसा, पाणी, वारा, सूर्य अशी सगळीकडची वीज एकत्र घेतं आणि वीज नियामक आयोग त्यावर दर ठरवतो. कोयनेची चारही टप्पे आणि पायथा मिळून १,९६० मेगावॅटची यंत्रं अखंड चालवली, तर पश्चिमेचं वर्षाचं पाणी जेमतेम दोन महिने पुरेल. म्हणून ती मागणी चढते त्या वेळेसाठी राखतात. कोळशाच्या संचाला तयार व्हायला तास लागतात, कोयनेला काही मिनिटं पुरतात.

टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकार उचलतं, शेतकऱ्याकडे १९ टक्के येतो. हे मला योग्य वाटतं. दुष्काळात पश्चिमेचं पाणी कापून पूर्वेला सोडावं, हेही माझं ठाम मत आहे. वीज दुसरीकडून घेता येते, माणदेशाला दुसरं पाणी नाही. मात्र पाणीवाटपाच्या प्रत्येक कागदावर टीएमसीशेजारी युनिटांचा रकाना हवा : किती गमावली, किती उपशाला लागणार.

आणि उपसा पावसाळ्यात वाढवायला हवा. जून ते सप्टेंबर कृष्णा भरून वाहते, तेव्हा धरणातून पाणी मागावं लागत नाही. त्याच महिन्यांत वनकुसवड्याचा वारा सर्वांत जोरात असतो. ओढे-तलाव तेव्हाच भरून घेण्याचं गणित पुढच्या आठवड्यात पवनचक्क्यांबरोबर मांडतो.