पीएचपीचें व्याकरण : एका नवशिक्याचे अनुभव

ज्यानें ३५ वर्षें दुसऱ्यांच्या वह्यांतील चुकांखालीं तांबड्या शाईच्या रेघा ओढल्या, त्यानें उतारवयांत स्वतःच नवशिक्या होऊन बसावें, यांत थोडी गंमत व पुष्कळसा न्याय आहे. आम्हां कांहीं सेवानिवृत्त शिक्षकांचा, गरीब विद्यार्थ्यांस पुस्तकें देण्याकरितां, एक लहानसा निधि आहे. त्याचा हिशेब संगणकावर ठेवतां यावा म्हणून आमच्या नातीनें आम्हांस पीएचपी नांवाची भाषा शिकविण्यास आरंभ केला. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत असून, गुरु या नात्यानें आमच्यापेक्षां पुष्कळ सौम्य आहे.

या भाषेचा जन्म अलीकडचा. ग्रीनलंडमध्यें जन्मलेल्या रासमुस लेर्डोर्फ या गृहस्थांनीं १९९४ सालीं स्वतःच्या वेबपानाकरितां कांहीं लहानसहान साधनें तयार केलीं व पुढील वर्षीं तीं सर्वांस खुलीं करून दिलीं. पुढें अँडी गटमन्स व झीव्ह सुरास्की या इझ्रायलमधील जोडीनें तिची नव्यानें उभारणी केली; ती १९९८ सालीं तिसरी आवृत्ति म्हणून प्रसिद्ध झाली. आधीं सूत्रें बांधून मग बोललेली ही भाषा नव्हे. गरजेप्रमाणें वाढत गेलेली बोली आहे, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे तिच्या पुष्कळ लकबींचा उलगडा होतो.

प्रथम डोळ्यांत भरतें तें डॉलरचें चिन्ह. ज्या नांवाखालीं आपण एखादी किंमत सांठवितों, त्या प्रत्येक नांवाआधीं तें लावावें लागतें. पायथन व जावास्क्रिप्ट या भाषांत अशी सक्ति नाहीं. आरंभीं आम्हांस हा निव्वळ जाच वाटला. परंतु विभक्तिप्रत्यय लागल्यावांचून संस्कृतांत नामास वाक्यांत प्रवेश नाहीं, हें आठवलें आणि आमचा विरोध मावळला.

वाक्य संपलें कीं येथें अर्धविराम द्यावयाचा. पूर्णविरामाकडे दुसरेंच काम आहे. तो दोन शब्द जोडतो! जेथें थांबावयाचें तेथें जोडावयाचें, हें वळण हातास लागण्यास आठ दिवस गेले. तथापि यांत एक शहाणपण आहे. पायथन व जावास्क्रिप्ट यांत अधिकाचें चिन्ह बेरीजहि करतें आणि शब्दहि जोडतें. म्हणून अवतरणचिन्हांत इंग्रजी आंकड्यांनीं लिहिलेले पांच व तीन तेथें मिळविले, तर उत्तर त्रेपन्न येतें. पीएचपींत मात्र अधिक म्हणजे बेरीजच, उत्तर आठ. संधि व बेरीज यांस निरनिराळीं चिन्हें असावींत, ही गोष्ट कोणाहि वैयाकरणास आवडेल.

आतां दुसरी बाजू. 'राम' या शब्दांत अक्षरें किती? पहिलीचें मूल दोन म्हणून सांगेल. पीएचपीची लांबी मोजण्याची नेहमींची आज्ञा ९ सांगते! ती अक्षरें न मोजतां सांठवणींतील बाइट मोजते, आणि सध्यांच्या रूढ पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. र, काना व म मिळून ९ झाले. पायथन तीं तीन चिन्हें मोजून ३ म्हणते. आपलीं दोन अक्षरें मोजण्याचें साधन पीएचपीजवळ आहे. पण तें निराळें मागून घ्यावें लागतें.

खरी परीक्षा हिशेबाच्या वेळीं झाली. पुस्तकखरेदीचें काम आमचे एक जुने सहकारी पाहतात. खर्चाची यादी आम्हीं व नातीनें मिळून संगणकांत भरली, आणि बेरीज पाहतों तों सहकाऱ्यांनीं उचललेल्या रकमेपेक्षां ती २,४५५ रुपयांनीं कमी! सांगण्यास लाज वाटते, पण ती रात्र आम्हीं त्या सद्गृहस्थांविषयीं मनांत किल्मिष बाळगून घालविली.

सकाळीं नात यादी पाहून हंसली व म्हणाली, "आजोबा, तुम्ही भरलेले आंकडे मराठी आहेत आणि माझे इंग्रजी." मजकुराची संख्या करण्याकरितां आम्हीं जी आज्ञा योजिली होती, ती मराठी आंकडा दिसतांच त्याचें शून्य करीत होती, आणि तेंहि मुकाट्यानें! तेंच काम पायथनास सांगितलें, तर ती मराठी आंकडे ओळखून बरोबर संख्या देते. जावास्क्रिप्टला ते ओळखतां येत नाहींत. पण ही संख्या नव्हे, एवढें तरी ती स्पष्ट सांगते. ती आज्ञा न योजतां आम्हीं थेट अधिकाचें चिन्ह वापरलें असतें, तर पीएचपीनेंहि तक्रार केली असती, असें नातीनें दाखवून दिलें.

चुकणाऱ्या मुलास झिडकारणारा मास्तर वाईट, हें आम्ही जाणतों. पण कारण न सांगतां भोपळा देऊन पुढें जाणारा मास्तर त्याहून वाईट, हें आम्हांस या वयांत कळलें. असे भोपळे आमच्याहि हातून पुष्कळ वह्यांवर पडले असतील.

त्याच सायंकाळीं सहकाऱ्यांकडे जाऊन आम्हीं सर्व हकीकत कबूल केली. ते शांतपणें म्हणाले, "मास्तर, आधीं विचारलें असतें, तर पावत्या दाखविल्या असत्या." आतां आमचा प्रोग्रॅम मराठी आंकडे प्रथम इंग्रजी करून घेतो व मग बेरीज करतो. आम्हीहि, कोणाविषयीं शंका आली, तर आधीं विचारावें असा नियम केला आहे.